बीटा-क्षयाची तीव्रता आणि संपूर्ण-शोषण पद्धती : एक चिकित्सा

अणुकेंद्रीय भौतिकीच्या कोष्टकांत बीटा-क्षयाच्या प्रत्येक शाखेपुढे एक टक्केवारी छापलेली असते. क्षय पावणाऱ्या शंभर अणुकेंद्रांपैकी किती अणुकेंद्रे कन्या-अणुकेंद्राच्या अमुक एका ऊर्जा-पातळीवर उतरतात, हे ती सांगते. ही टक्केवारी प्रयोगात मोजलेली असते अशी विद्यार्थ्याची सहज समजूत होते, आणि पाठ्यपुस्तके ती दूर करण्याचे श्रम सहसा घेत नाहीत. वस्तुतः बहुतेक शाखांच्या बाबतीत हा आकडा मोजलेला नसून वजाबाकीने काढलेला असतो. वजाबाकीतील एखादी रक्कम नजरेतून सुटली की बाकी चुकते, हे पेढीवरच्या मुनिमालाही ठाऊक असते. अणुकेंद्रीय कोष्टकांच्या संदर्भात मात्र या साध्या गोष्टीचे गांभीर्य ध्यानी यावयास १९७७ साल उजाडावे लागले, आणि तिच्या निवारणाची पद्धती सर्वत्र रूढ व्हावयास आणखी दोन-तीन दशके गेली. संपूर्ण-शोषण गॅमा-वर्णपटमापन ही ती पद्धती. तिने काय साधले, आणि तिने साधले असे जे सांगितले जाते त्यापैकी कितपत तिच्या पदरी घालता येते, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

वजाबाकीचा आश्रय का घ्यावा लागतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. बीटा-क्षयात मुक्त होणारी ऊर्जा इलेक्ट्रॉन व प्रतिन्यूट्रिनो वाटून घेतात. त्यामुळे इलेक्ट्रॉनांचा वर्णपट अखंड असतो आणि अनेक शाखांचे वर्णपट एकमेकांवर पडून एकजीव होतात. त्यांतून एकेक शाखा सुटी करणे व्यवहारात जमत नाही. म्हणून संशोधक बीटा-कण सोडून गॅमा-किरणांकडे वळतो. कन्या-अणुकेंद्राच्या एखाद्या पातळीतून बाहेर पडणाऱ्या गॅमा-किरणांची तीव्रता तो मोजतो, वरच्या पातळ्यांतून तिच्यात येणाऱ्या गॅमा-किरणांची तीव्रता मोजतो, आणि जावकेतून आवक वजा करून उरलेली रक्कम बीटा-क्षयाच्या खाती टाकतो. समजा, १ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट (पुढे एमईव्ही) उंचीच्या पातळीतून दर शंभर क्षयांमागे ४० गॅमा बाहेर पडतात आणि वरून आलेले १० दिसतात. बाकी ३० ही त्या पातळीची बीटा-तीव्रता ठरते. आता ४ एमईव्हीच्या आसपास दाटीने वसलेल्या शेकडो पातळ्यांतून, प्रत्येकी शेकडा एक-दशांश इतक्या क्षीण अशा दीडशे गॅमा-रेषा याच पातळीवर उतरत असतील आणि त्यांपैकी एकही दिसत नसेल, तर खरी आवक २५ आहे व खरी बीटा-तीव्रता १५. उरलेले १५ टक्के ४ एमईव्हीच्या पातळ्यांच्या हक्काचे होते. ते खालच्या पातळीच्या नावे चढले. एवढ्या एका चुकीने दर क्षयामागील सरासरी गॅमा-ऊर्जा ०.४५ एमईव्हीने कमी भरते. येथे कोणाचे मोजमाप चुकलेले नाही. जे दिसले ते अचूक मोजले गेले. जे दिसले नाही ते नाही असे मानले गेले.

न दिसण्याची कारणे दोन आणि ती एकमेकांस बळ देणारी आहेत. क्षयाची एकूण ऊर्जा मोठी असली की कन्या-अणुकेंद्राच्या वरच्या प्रदेशात पातळ्यांची संख्या भराभर वाढते. बीटा-तीव्रता त्या सर्वांत विखुरते आणि प्रत्येक पातळीतून खाली उतरण्याच्या वाटाही अनेक असतात. एकेका रेषेच्या वाट्याला त्यामुळे अत्यल्प तीव्रता येते. दुसरीकडे, जर्मेनियमच्या अभिज्ञातकाची विभेदनक्षमता असामान्य असली तरी गॅमाची संपूर्ण ऊर्जा टिपण्याची त्याची कार्यक्षमता ऊर्जेबरोबर घटत जाते. नेमके जे किरण क्षीण आहेत तेच त्याला अवघड जातात. १९७७ मध्ये हार्डी, कराझ, यॉन्सन आणि हॅन्सेन या चौघांनी ही अवस्था एका नमुनेदार युक्तीने उघड केली. त्यांनी सांख्यिकी नियमांनी एक काल्पनिक अणुकेंद्र संगणकावर घडविले, त्याच्या क्षयाचा गॅमा-वर्णपट जर्मेनियमच्या अभिज्ञातकात कसा दिसेल हे काढले, आणि मग कोणी प्रामाणिक प्रयोगकर्ता करील तसे त्या वर्णपटाचे विश्लेषण केले. उत्तर आधीच माहीत असल्यामुळे विश्लेषणाचे अपयश लपविण्यास जागाच उरली नाही. गॅमा-तीव्रतेचा लक्षणीय भाग शिखरांच्या रूपाने ओळखताच आला नाही. त्या अणुकेंद्रास त्यांनी 'पँडेमोनियम' हे नाव दिले. मिल्टनच्या महाकाव्यातील नरकाची ही राजधानी. मराठीत 'गोंधळनगरी' म्हटल्यास फारसे बिघडणार नाही.

या लेखाची थोरवी त्यातील आकड्यांत नाही. सांख्यिकी प्रतिमानातील गृहीते बदलली तर आकडे बदलतील, आणि तसे आक्षेप त्या काळी घेतलेही गेले. लेखाचे खरे महत्त्व असे की, कोष्टकातील अनिश्चितता ही केवळ दिसलेल्या शिखरांच्या मोजणीतील अनिश्चितता असून न दिसलेल्याविषयी ती काहीच सांगत नाही, हे त्याने निर्विवादपणे दाखविले. प्रत्यक्ष अणुकेंद्रावरील पुरावा पुढे आला, आणि तो काल्पनिक पुराव्याहून अधिक बोलका ठरला. होल्मियम-१५० च्या क्षयाचा अभ्यास जर्मनीत डार्मस्टाट येथे दोन्ही पद्धतींनी करण्यात आला. त्यांपैकी उच्च विभेदनाचा प्रयोग अत्यंत समर्थ जर्मेनियम-समूहाने केला होता. त्यात हजाराहून अधिक गॅमा-रेषा ओळखल्या गेल्या आणि सुमारे तीनशे पातळ्यांची रचना उभी राहिली. या विषयात याहून अधिक परिश्रम कोणी घेतले असतील असे वाटत नाही. तरीही २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत असे आढळले की, ऊर्जेच्या वरच्या प्रदेशातील बीटा-बलाचा बराचसा भाग एवढ्या रेषांतूनही निसटला होता. उपकरण सुधारले, वेळ वाढविला, विद्यार्थी जागले. चूक लहान झाली, पण गेली नाही. ही चूक हलगर्जीपणातून नव्हे, तर मोजण्याच्या तत्त्वातूनच उद्भवते असे यावरून मानावे लागते.

तत्त्वच बदलणे हा मग एक मार्ग उरतो. एकेक गॅमा ओळखण्याचा नाद सोडून, एका क्षयातून निघालेली गॅमांची संपूर्ण उतरंड एकाच मोठ्या स्फटिकात सामावून घ्यावी, ही संपूर्ण-शोषण पद्धतीची कल्पना. उतरंडीत दोन गॅमा असोत की सात, त्यांच्या ऊर्जांची बेरीज ज्या पातळीवर बीटा-क्षय उतरला तिच्या ऊर्जेइतकीच येते. स्फटिकाने सर्व काही शोषले तर वर्णपटात थेट बीटा-तीव्रतेचेच चित्र उमटेल; वजाबाकीची गरज राहणार नाही. ही कल्पना १९७७ च्या आधीची आहे. १९७० मध्येच ड्यूक, हॅन्सेन, नील्सन आणि रुडस्टाम यांनी सर्न येथील आयसोल्डे या समस्थानिक-विलगकावर सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांनी असे प्रयोग प्रसिद्ध केले होते. हॅन्सेन हे नाव दोन्ही लेखांत यावे हा योगायोग नव्हे. रोग ओळखणाऱ्यांपैकी एकाच्या हाती औषध आधीपासून होते. पुढे अमेरिकेत आयडाहो येथे ग्रीनवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यभागी विहिरीसारखी पोकळी असलेल्या सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाच्या स्फटिकात चाळिसांहून अधिक भंजनजन्य अणुकेंद्रांची मापने केली. ती १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही आधारभूत मानली जातात. त्यानंतर स्फटिकांचा आकार वाढत गेला. आयसोल्डे येथील 'लुक्रेशिया'चा स्फटिक ३८ सेंटिमीटर व्यासाचा व तितक्याच लांबीचा आहे, आणि ओक रिज येथील १९ खंडांच्या उपकरणात सुमारे एक टन सोडियम आयोडाइड आहे.

येथपर्यंतची कथा विजयाची वाटते आणि पुष्कळ लेखांत ती येथेच थांबते. परंतु 'संपूर्ण' हे विशेषण आदर्शाचे आहे, उपकरणाचे नाही. कोणताही स्फटिक सर्व किरण संपूर्णपणे शोषीत नाही. काही गॅमा नमुना ठेवण्याच्या पोकळीतून निसटतात, काही आवरणात अडतात, काही आपल्या ऊर्जेचा थोडा भाग टाकून निघून जातात. प्रत्यक्ष वर्णपटात म्हणून बीटा-तीव्रतेचे चित्र धूसर झालेले असते, आणि त्या धूसरतेतून मूळ चित्र परत मिळविण्याचा व्यस्त प्रश्न सोडवावा लागतो. मोजलेला वर्णपट हा प्रत्येक पातळीची तीव्रता आणि त्या पातळीला उपकरणाने द्यावयाचा प्रतिसाद यांच्या गुणाकारांची बेरीज होय. प्रतिसाद ठाऊक असेल तर तीव्रता काढता येते. पण एखाद्या पातळीचा प्रतिसाद केवळ उपकरणावर अवलंबून नसतो. ती पातळी कोणकोणत्या वाटांनी खाली उतरते, यावरही तो अवलंबून असतो. ४ एमईव्हीचा एकच गॅमा आणि प्रत्येकी १ एमईव्हीचे चार गॅमा स्फटिकात सारखे दिसत नाहीत. या वाटा कोठून आणावयाच्या? खालच्या, सुट्या पातळ्यांच्या वाटा उच्च विभेदनाच्या प्रयोगांतून घेतल्या जातात. वरचा प्रदेश मात्र सामान्यतः ४० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट (केईव्ही) रुंदीच्या कप्प्यांत विभागून, पातळ्यांची घनता व गॅमा-उत्सर्जनाचे बल यांविषयीच्या सांख्यिकी प्रतिमानावरून त्याच्या वाटा गृहीत धरल्या जातात.

येथे एक गोष्ट स्पष्ट दिसते व तिचा उच्चार पुरेसा होत नाही. ज्या पातळी-रचनांना अपूर्ण ठरविण्यासाठी ही पद्धती पुढे आली त्यांच्याच खालच्या अर्ध्या भागावर ती उभी आहे. आणि वरच्या अर्ध्या भागासाठी ती ज्या सांख्यिकी प्रतिमानाचा आश्रय घेते, ते त्याच घराण्याचे आहे ज्यातून हार्डी आणि सहकाऱ्यांनी आपले काल्पनिक अणुकेंद्र घडविले होते. यामुळे पद्धती सदोष ठरते असे नाही. टाइन व कानो-ओट यांनी २००७ मध्ये या व्यस्त प्रश्नाची जी चिकित्सा केली ती या विषयातील सर्वांत जबाबदार लेखनांत मोडते. रेषीय नियमन, महत्तम एंट्रॉपी आणि बेझच्या सूत्रावर आधारलेली पुनरावृत्ती अशा तीन वेगवेगळ्या मार्गांनी उत्तर काढून, तिन्ही उत्तरे स्थूलमानाने जुळतात असे त्यांनी दाखविले. ही जुळणी मोलाची आहे, परंतु तिचा अर्थ मर्यादित आहे. तिन्ही मार्गांना प्रतिसादाचे एकच कोष्टक पुरविले तर त्या कोष्टकातील चूक तिघांनाही सारखीच भोवेल. शिवाय शेजारशेजारच्या कप्प्यांतील तीव्रता एकमेकींशी बांधलेल्या असतात. एकीतून काढून दुसरीत घातली तरी वर्णपटाशी जुळणी जवळजवळ तशीच राहते. म्हणून एका कप्प्यातील आकड्याला स्वतंत्र अर्थ फारसा नसतो. एक-दोन एमईव्हीच्या पट्ट्यातील बेरजेला तो असतो. संपूर्ण-शोषणाने मिळालेल्या आलेखातील एखाद्या टेकाडावर अणुकेंद्राच्या सूक्ष्म रचनेचा सिद्धान्त उभारणारे लेख वाचताना हे ध्यानी ठेवावे. बेरजेवर आधारलेल्या निष्कर्षांचे तसे नाही : स्ट्रॉन्शियम-७६ च्या क्षयातील बीटा-बलाच्या एकंदर वाटणीवरून त्या अणुकेंद्राचा आकार लांबट आहे असे लुक्रेशियाच्या साहाय्याने २००४ मध्ये जे अनुमान काढले गेले, ते या कसोटीला उतरते.

स्फटिक मोठा करण्याचे खरे प्रयोजनही येथेच कळते. आदर्श स्फटिकात उतरणीच्या वाटांचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण बेरीज वाटेवर अवलंबून नसते; उपकरण आदर्शाच्या जितके जवळ, तितके गृहीताचे ओझे कमी. स्फटिकाचे खंड पाडण्याने दुसरा लाभ होतो. एका क्षयात किती खंड उजळले आणि प्रत्येकात किती ऊर्जा पडली याची स्वतंत्र नोंद राहिल्याने, गृहीत धरलेल्या वाटा त्या नोंदींशी ताडून पाहता येतात. ओक रिजचे उपकरण, मिशिगनमधील 'सन', युवास्कुला येथे वापरलेली उपकरणे ही सर्व या कारणाने खंडित आहेत. गृहीताची तपासणी त्याच प्रयोगात होऊ लागली, हे या पद्धतीतील गेल्या काही वर्षांतले सर्वांत स्वागतार्ह पाऊल होय.

इतर अडचणी तुलनेने परिचित आहेत. कन्या-अणुकेंद्राचा पुढील क्षय, दोन घटना एकाच क्षणी पडून होणारी भेसळ, समान वस्तुमानांकाच्या दुसऱ्या मूलद्रव्याची नमुन्यातील लुडबुड : संपूर्ण-शोषक स्फटिक यांतील काहीच ओळखीत नाही. जर्मेनियमच्या वर्णपटात परक्या अणुकेंद्राची रेषा परकी म्हणून दिसते. येथे ती बेरजेत मुरून जाते. याकरिता नमुन्याची शुद्धता ही या पद्धतीची पहिली अट ठरते. मूळ पातळीवर थेट उतरणाऱ्या क्षयांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. तेथे गॅमाच नसतो. स्फटिकाच्या दृष्टीने ती घटना जवळजवळ अदृश्यच. बीटा-कणांच्या स्वतंत्र अभिज्ञातकाची जोड देऊनच हा वाटा निश्चित करता येतो, आणि ग्रीनवुड यांच्या गटाने त्यासाठी योजलेली जुनी युक्ती २०२० मध्ये ग्वाडिया आणि सहकाऱ्यांनी सुधारून पुन्हा वापरात आणली.

या साऱ्या चर्चेत प्रत्यक्ष पणाला काय लागले आहे, हे अणुभट्टीच्या उदाहरणावरून कळेल. साखळी-प्रक्रिया थांबविल्यावरही भंजनजन्य अणुकेंद्रांच्या क्षयातून उष्णता निघतच राहते. भट्टी बंद केल्या क्षणी ती पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा येथे भट्ट्या वेळीच बंद झाल्या होत्या. पुढचा अनर्थ शीतनाची सोय नष्ट झाल्यावर या उरलेल्या उष्णतेने घडविला. ही उष्णता किती व किती काळ टिकेल हे काढण्यासाठी शेकडो अणुकेंद्रांच्या सरासरी बीटा व गॅमा ऊर्जांची बेरीज करावी लागते, आणि ती बेरीज कोष्टकांवरच अवलंबून असते. प्लुटोनियम-२३९ च्या भंजनानंतर काही सेकंदांपासून तासाभरापर्यंतच्या काळात मोजलेली गॅमा-उष्णता हिशेबापेक्षा सातत्याने अधिक भरत असे. योशिदा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये या तफावतीचा काळ व अर्धायुष्ये यांची सांगड घालून टेक्नेशियमच्या १०२, १०४ व १०५ या समस्थानिकांवर संशय घेतला. हा तर्क गुप्तहेराच्या पद्धतीचा होता : गुन्ह्याची वेळ ठाऊक आहे, त्या वेळी तेथे कोण हजर होते ते पाहावे. २००७ मध्ये आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या अणुऊर्जा-संस्थेच्या अभ्यासगटाने तातडीने मोजावयाच्या ३७ अणुकेंद्रांची यादी तयार केली.

टेक्नेशियम, मॉलिब्डेनम, निओबियम ही मूलद्रव्ये उच्चतापसह असल्याने तापविलेल्या लक्ष्यातून ती बाहेर पडत नाहीत. आयडाहोच्या यादीत ती नव्हती. फिनलंडमधील युवास्कुला येथे भंजनजन्य आयन थेट वायूतून वाहून नेण्याची सोय होती, आणि त्यापुढे पेनिंग सापळा. या सापळ्याने एकाच वस्तुमानांकाची अणुकेंद्रेही एकमेकांपासून निवडून काढली. सापळा आणि संपूर्ण-शोषक यांची अशी जोड प्रथम येथेच घातली गेली. आल्गोरा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या सात अणुकेंद्रांच्या मापनांत टेक्नेशियम-१०४ ची सरासरी गॅमा-ऊर्जा सुमारे १.९ वरून ३.२ एमईव्हीवर गेली, टेक्नेशियम-१०५ ची ०.६७ वरून १.८ वर, आणि मॉलिब्डेनम-१०५ ची ०.५५ वरून २.४ वर. प्लुटोनियमच्या तफावतीचा मोठा भाग यामुळे निकालात निघाला. युरेनियम-२३५ च्या हिशेबात या अणुकेंद्रांचा वाटा लहान असल्याने तेथे फारसा फरक पडला नाही, आणि लेखकांनी तसे म्हटले आहे.

या निकालांतील तीन गोष्टी अधिक लक्षपूर्वक पाहण्यासारख्या आहेत. पहिली, संशयितांपैकी टेक्नेशियम-१०२ जवळजवळ निर्दोष सुटला. त्याची सरासरी गॅमा-ऊर्जा ०.०८ वरून केवळ ०.११ एमईव्हीच्या आसपास सरकली. पद्धती नेहमी वाढच दाखविते असे मानणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. दुसरी, मॉलिब्डेनम-१०५ ची गॅमा-सरासरी सुमारे १.८५ एमईव्हीने वाढली असता बीटा-सरासरी ०.९ च्या आसपासच घटली. उरलेली रक्कम प्रतिन्यूट्रिनोंच्या वाट्यातून आली. प्रतिन्यूट्रिनो भट्टीत उष्णता सोडीत नाहीत. याचा अर्थ असा की जुन्या कोष्टकाने गॅमा व बीटा यांची वाटणीच चुकविली नव्हती, तर एकूण उष्णताही कमी सांगितली होती. तिसरी गोष्ट सर्वांत बोचरी. मॉलिब्डेनमच्या त्या जुन्या ०.५५ एमईव्हीबरोबर जी अनिश्चितता छापली होती ती केवळ २५ केईव्हीच्या आसपास होती. खरे मूल्य छापील अनिश्चिततेच्या सत्तर-पाऊणशेपट दूर होते. असा आकडा वापरून सुरक्षिततेचा हिशेब करणाऱ्या अभियंत्यास आपण अंधारात आहोत हे कळण्याचा कोणताच मार्ग नव्हता.

याच संदर्भात जपानी कोष्टककारांच्या कामाची चर्चा व्हावयास हवी. योशिदा आणि नाकासिमा यांनी १९८१ मध्येच या अडचणीतून वाट काढली होती : जेथे क्षयाची ऊर्जा मोठी व पातळी-रचना संशयास्पद, तेथे बीटा-क्षयाच्या स्थूल सिद्धान्तावरून काढलेल्या सरासरी ऊर्जा वापरावयाच्या. हिशेब मोजणीशी चांगला जुळू लागला. व्यवहाराच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा होता यात शंका नाही. पण सिद्धान्ताने शिवलेले ठिगळ आणि मोजलेले वस्त्र एकाच कोष्टकात बसविले गेले, आणि बेरीज जुळली म्हणून प्रत्येक रकमेवर विश्वास बसू लागला. एका अणुकेंद्राची चूक दुसऱ्याच्या चुकीने झाकली जाऊ शकते, हे बेरजेच्या जुळणीतून कधीच दिसत नाही. योशिदा यांनी स्वतःच पुढे १९९९ मध्ये एकेका समस्थानिकाकडे बोट दाखविले, याचे मोल म्हणूनच अधिक आहे.

प्रतिन्यूट्रिनोंच्या प्रश्नात हीच गोष्ट पुन्हा उद्भवली. २०११ मध्ये अणुभट्ट्यांतून निघणाऱ्या प्रतिन्यूट्रिनोंच्या अपेक्षित संख्येचा हिशेब नव्याने झाला, आणि प्रत्यक्षात मोजलेली संख्या त्याहून सुमारे ६ टक्के कमी आहे असे दिसले. गुरुत्वाकर्षणाखेरीज कोणत्याही ज्ञात आंतरक्रियेत भाग न घेणारा एखादा नवा न्यूट्रिनो याच्या मुळाशी असेल, अशी कल्पना बळावली. कोष्टकांवर आधारलेल्या बेरजेच्या हिशेबाला यामुळे एकाएकी महत्त्व आले. या बेरजेत रुबिडियम-९२ हे अणुकेंद्र फार मोठे आहे. ५ ते ८ एमईव्हीच्या प्रदेशातील दाबयुक्त पाण्याच्या भट्टीच्या प्रतिन्यूट्रिनोंपैकी सुमारे १६ टक्के एकट्या त्याचे. त्याचे निम्म्याहून अधिक क्षय थेट मूळ पातळीवर उतरतात. किती? कोष्टकात प्रथम ५१ ± १८ टक्के होते. पुढे त्या जागी ९५.२ ± ०.७ आले. २०१५ मध्ये युवास्कुलाच्या संपूर्ण-शोषणाने ८७.५ ± २.५ दिले, आणि २०१६ मध्ये ओक रिजच्या उपकरणाने ९१ ± ३.

हे चार आकडे एका ओळीत ठेवले की संपूर्ण-शोषणाची योग्यता व तिची सीमा दोन्ही दिसतात. दोन भिन्न स्फटिक, दोन भिन्न गट, दोन भिन्न विश्लेषणे असूनही नवीन आकडे आपापल्या अनिश्चिततेत जुळतात. जुने आकडे मात्र एकमेकांशीही जुळत नाहीत. पण ८७.५ आणि ९१ यांतील साडेतीन टक्क्यांचे अंतरही प्रतिन्यूट्रिनोंच्या हिशेबात नगण्य नाही, आणि ते कमी होण्यास मोठा स्फटिक पुरणार नाही. बीटा-कण स्फटिकात शिरून जी ऊर्जा टाकतात तिचे अनुकरण संगणकावर कितपत अचूक उतरते यावर ते अवलंबून आहे. दुसरे असे की, ०.७ आणि २.५ या दोन अनिश्चिततांपैकी मोठी असलेली अधिक विश्वासार्ह आहे. विद्यार्थ्याला लहान अनिश्चितता हे गुणवत्तेचे चिन्ह वाटते. येथे ते उलट आहे.

२०१९ मध्ये एस्तिएन आणि सहकाऱ्यांनी दशकभरातील संपूर्ण-शोषणाची मापने बेरजेत घातली, तेव्हा दाया बे येथील मोजणीशी असलेली तफावत १.९ टक्क्यांवर आली. नवी मापने मिळत गेली तसतशी ती टप्प्याटप्प्याने घटत गेली होती. २०२१ मध्ये मॉस्कोच्या कुर्चाटोव्ह संस्थेतील मापनाने युरेनियम व प्लुटोनियम यांच्या बीटा-वर्णपटांचे गुणोत्तर जुन्या आधारभूत मूल्यापेक्षा सुमारे ५ टक्के कमी दाखविले, आणि २०२३ मध्ये स्टेरिओ प्रयोगाने नव्या न्यूट्रिनोची ती कल्पना नाकारली. तिन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात हे खरे. तरी एक खुणेचा दगड जागचा हललेला नाही : २०१४ मध्ये डबल शू, रेनो व दाया बे या तीन प्रयोगांत ५ एमईव्हीच्या आसपास जो उंचवटा दिसला, त्याचा उलगडा २०१९ च्या सुधारलेल्या बेरजेनेही झाला नाही. एकूण संख्या जुळणे आणि वर्णपटाचा आकार जुळणे या दोन निराळ्या कसोट्या आहेत. पहिलीत मिळालेल्या यशाचे श्रेय दुसरीकडे वळविण्याची घाई काही लेखांत दिसते. ती टाळावयास हवी.

न्यूट्रॉन सुटून जाण्याइतकी ऊर्जा असलेल्या पातळ्यांच्या बाबतीत मात्र या पद्धतीने खरोखर अनपेक्षित असे काही हाती दिले आहे. अशी पातळी न्यूट्रॉनच सोडील आणि गॅमाला वावच राहणार नाही, अशी सर्वसाधारण समजूत होती. टाइन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ब्रोमियम-८७, ब्रोमियम-८८ आणि रुबिडियम-९४ यांच्या क्षयांत अशा पातळ्यांतून बरीच गॅमा-तीव्रता मोजली. ब्रोमियमच्या बाबतीत कोनीय संवेगाच्या अडथळ्याने तिचा अर्थ लागतो; रुबिडियमच्या बाबतीत ती प्रचलित गणनेपेक्षा दशपटीच्या घरात अधिक निघाली. न्यूट्रॉन पकडला जाण्याच्या वेगाशी आणि म्हणून ताऱ्यांतील जड मूलद्रव्यांच्या निर्मितीशी याचा संबंध पोहोचतो. या प्रयोगात सोडियम आयोडाइडऐवजी बेरियम फ्लुओराइडचे स्फटिक निवडले होते. आयोडीन न्यूट्रॉन पकडून स्वतःच गॅमा सोडते, आणि नेमका जो प्रदेश तपासावयाचा तोच त्याने दूषित होतो.

थोरियम-युरेनियम इंधनचक्रासाठी कोणत्या भंजनजन्य अणुकेंद्रांची अशी मापने हवीत, याचे मूल्यमापन आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या २०१० च्या अहवालात झाले आहे. थोरियमचे मोठे साठे असलेल्या भारतासारख्या देशाला ती यादी इतरांपेक्षा जवळची आहे. युरेनियम-२३३ च्या भंजनातून निघणाऱ्या अणुकेंद्रांचे प्रमाण प्लुटोनियमहून निराळे असल्याने, एका इंधनासाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्याला आपोआप लागू पडत नाही.

प्रसिद्धीच्या रीतीविषयी एक सूचना शेवटी करणे प्राप्त आहे. बहुसंख्य लेखांत अंतिम बीटा-तीव्रता छापली जाते व कोष्टकांत तीच उचलली जाते. परंतु ही तीव्रता ज्या खालच्या पातळी-रचनेवरून व ज्या सांख्यिकी प्रतिमानावरून काढली ती पुढे सुधारली, तर मूळ मोजलेला वर्णपट आणि उपकरणाचा प्रतिसाद हाती असल्यावाचून तीव्रता पुन्हा काढता येणार नाही. हे दोन्ही, तसेच वेगवेगळ्या गृहीतांनी येणाऱ्या उत्तरांतील फरक, लेखाबरोबर उपलब्ध करणे ही अट नियतकालिकांनी घालावी. मॉलिब्डेनम-१०५ चा तो जुना आकडा इतकी वर्षे टिकून राहिला, कारण तो कशावरून काढला आणि काय वगळून काढला, याची कोष्टकात नोंद नव्हती.